पडद्यावरची वेळ, कागदावरची वेळ

व्याख्यान होऊन आठवडा उलटला तरी वाचनालयाच्या वेबसाइटवर ‘येत्या शनिवारी व्याख्यान’ ही सूचना तशीच झळकत असते. सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते, पण पान सोमवारीही सकाळ-संध्याकाळच्या वेळा सांगते आणि पानावर विसंबून आलेला वाचक कुलूप पाहून परत जातो. त्यातच कोणी त्या पानाची प्रिंट काढून सोसायटीच्या फलकावर लावली, तर कागदावर वरचा मेनू येतो, मधोमध तुटलेला तक्ता येतो आणि ‘आज’ हा शब्दही येतो. हा ‘आज’ म्हणजे नेमका कोणता दिवस, ते फलक वाचणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नसतो.

या सगळ्या अडचणी दूर करता येतात. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा पानाला वेळेचे भान देते आणि छपाईच्या तयारीतही मदत करते. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. मात्र दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावी लागतात: पान कोणाच्या घड्याळावर चालणार, आणि छापलेला कागद महिन्याभराने कोणी वाचला तर त्याला काय समजणार? ही उत्तरे पक्की असली की कोड लिहिणे सोपे जाते.

एका सार्वजनिक वाचनालयाचे पान डोळ्यांसमोर ठेवू. वाचनालय मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४.३० ते ८ उघडे असते, सोमवारी बंद. पानावर तीन गोष्टी हव्या आहेत: आत्ता वाचनालय उघडे आहे की बंद ते सांगणारी ओळ, ठरलेल्या काळातच दिसणाऱ्या सूचना आणि आठवड्याचे वेळापत्रक छापण्यासाठी बटण. पुढे आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

जावास्क्रिप्ट वेळ कशी मोजते

जावास्क्रिप्टच्या दृष्टीने कोणताही क्षण म्हणजे फक्त एक आकडा. १ जानेवारी १९७० रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार (यूटीसी) मध्यरात्र झाली, तेव्हापासून आजवर किती मिलिसेकंद झाले, तो हा आकडा. ‘डेट.नाऊ’ ही आज्ञा तो देते. एका दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात. दोन क्षणांमधले अंतर हवे असेल तर दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करायची.

माणसाला मात्र वार, तारीख, तास, मिनिटे हवी असतात. त्यासाठी ‘डेट’ नावाची वस्तू आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा तारखांची सोय त्या वेळच्या जावा भाषेवरून जवळपास जशीच्या तशी उचलली गेली. जावाने लवकरच त्यातल्या बऱ्याच आज्ञा बाद ठरवल्या. जावास्क्रिप्टमध्ये त्या राहिल्या, कारण त्यांवर उभी असलेली असंख्य पाने मोडून चालणार नव्हते.

म्हणून काही विचित्र वाटणारे नियम आजही पाळावे लागतात. ‘गेटमंथ’ महिना शून्यापासून मोजते: जानेवारी ०, मे ४, डिसेंबर ११. ‘गेटडे’ वार सांगते आणि त्यात रविवार ०, सोमवार १. ‘गेटडेट’ मात्र तारीख १ पासूनच मोजते. वर्षासाठी ‘गेटफुलइयर’ वापरायचे. जुनी ‘गेटइयर’ ही आज्ञा वर्षातून १९०० वजा करून उत्तर देते. २००० साल उजाडले तेव्हा तिचे उत्तर १०० आले आणि ज्या पानांनी त्याच्या आधी नुसते ‘१९’ चिकटवले होते, त्यांच्यावर ‘१९१००’ असे वर्ष झळकले. कोडमध्ये कुठे ‘गेटइयर’ दिसली तर ती आजच बदलावी.

कोणाचे घड्याळ?

जावास्क्रिप्ट वाचकाच्या मोबाईलवर किंवा संगणकावर चालते, म्हणून ‘आत्ता किती वाजले’ याचे उत्तर ती त्याच यंत्राच्या घड्याळावरून देते. तास, वार, तारीख हेही त्या यंत्राच्या वेळपट्ट्यानुसार (टाइम झोन) येते. वाचक लंडनमध्ये असेल तर ‘गेटअवर्स’ लंडनचा तास सांगेल. वाचनालय तर इथे आहे, तेव्हा आपल्याला भारतीय वेळच हवी.

भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास, म्हणजे ३३० मिनिटे पुढे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नसल्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. त्यामुळे एक साधा, भरवशाचा मार्ग मिळतो. ‘डेट.नाऊ’च्या आकड्यात १ कोटी ९८ लाख मिलिसेकंद मिळवायचे, त्या बेरजेतून नवी ‘डेट’ बनवायची आणि तिच्यातून तास-मिनिटे-वार काढताना ‘यूटीसी’वाल्या आज्ञा वापरायच्या: गेट-यूटीसी-अवर्स, गेट-यूटीसी-मिनिट्स, गेट-यूटीसी-डे. वाचक न्यू जर्सीत असो की नागपुरात, उत्तर भारतीय वेळेचेच येईल. इथे एक पथ्य पाळायचे. ही सरकवलेली ‘डेट’ फक्त हे आकडे काढण्यापुरतीच वापरायची. खरा क्षण म्हणून तिची दुसऱ्या कशाशीही तुलना करायची नाही.

दुसरा मार्ग ‘इंटल.डेटटाइमफॉरमॅट’चा. त्याला ‘एशिया/कोलकाता’ हा वेळपट्टा आणि ‘एमआर-आयएन’ ही भाषा सांगितली की तारीख थेट मराठीत मिळते. महिन्यांची आणि वारांची नावे मराठीत येतात, आकडेही देवनागरी येतात. भाषांतराचा तक्ता स्वतः करत बसण्याची गरज उरत नाही.

मराठी पान करणाऱ्याने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायलाच हवी. हे देवनागरी आकडे फक्त दाखवण्यासाठी आहेत. त्यांच्यावर पुढे गणित करायला गेले, तर जावास्क्रिप्टची ‘नंबर’ ही आज्ञा ‘०९’ हे देवनागरी अक्षर-आकडे ओळखत नाही आणि उत्तर म्हणून ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’, असे परत देते. पुढची प्रत्येक तुलना मग खोटी ठरते आणि वाचनालय कायमचे बंद दिसू लागते. पान मोडत नाही, लाल अक्षरात चूकही दिसत नाही, त्यामुळे दोष शोधायला वेळ लागतो. हिशेब मिलिसेकंदांत करावा आणि मराठी रूप अगदी शेवटी, पडद्यावर लिहिताना द्यावे.

राहिला प्रश्न यंत्राच्या घड्याळावर किती भरवसा ठेवायचा याचा. बहुतेक फोन मोबाईल कंपनीकडून किंवा इंटरनेटवरून वेळ घेतात, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. पण जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली की घड्याळ भलतेच वर्ष दाखवते. शंका असेल तर पानाने आपल्याच सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवावी. प्रत्येक उत्तराच्या मथळ्यात सर्व्हर सहसा स्वतःची वेळ लिहितो. ती वाचून फरक काढावा आणि पुढच्या हिशेबात तो धरावा. ही विनंती करताना साठवलेली जुनी प्रत नको, असे स्पष्ट सांगावे. नाहीतर कालचीच वेळ हाती पडायची.

उघडे की बंद

आता पहिली ओळ. वेळा मिनिटांत मांडल्या की हिशेब सोपा होतो. मध्यरात्रीपासून सकाळी ८ म्हणजे ४८० मिनिटे, ११ म्हणजे ६६०, संध्याकाळी ४.३० म्हणजे ९९० आणि ८ म्हणजे १२००. सध्याचा तास गुणिले ६० अधिक मिनिटे, हा झाला ‘आत्ता’चा आकडा.

मंगळवारी सकाळी १०.४७ वाजले आहेत असे धरू. आकडा येतो ६४७. वार २ आहे, सोमवार नाही. ६४७ हा ४८० पेक्षा मोठा आणि ६६० पेक्षा लहान. म्हणजे वाचनालय उघडे आहे आणि ६६० वजा ६४७, म्हणजे १३ मिनिटांनी बंद होणार आहे. ‘उघडे आहे’ एवढ्यावर न थांबता ‘उघडे आहे, ११ वाजता बंद होईल’ असे लिहिले, तर घरून निघण्याच्या बेतात असलेल्या वाचकाला त्याचा खरा उपयोग होतो. ‘बंद आहे’च्या जोडीलाही पुन्हा कधी उघडणार ते द्यावे.

काठावरच्या क्षणांचा नियम आधीच ठरवून टाकावा: सुरुवातीचा क्षण धरायचा, शेवटचा धरायचा नाही. म्हणजे आकडा ४८० किंवा त्याहून मोठा हवा, पण ६६० पेक्षा लहानच हवा. बरोबर ११ वाजता आकडा ६६० होतो, अट मोडते आणि पान ‘बंद’ दाखवते. दोन्ही टोके धरली तर एका पाठोपाठ एक येणाऱ्या दोन वेळा एका मिनिटापुरत्या एकाच वेळी चालू दिसतात. दोन्ही सोडली तर मध्ये एक मिनिट कोणाचेच राहत नाही.

सणांच्या सुट्ट्या कोडच्या अटींमध्ये पेरू नयेत. तारखांची वेगळी यादी ठेवावी आणि कोणताही हिशेब करण्याआधी तीच तपासावी. म्हणजे दरवर्षी कोडला हात न लावता ग्रंथपालांना यादी बदलता येईल.

सूचना वेळेवर याव्यात, वेळेवर जाव्यात

प्रत्येक सूचनेला दोन क्षण जोडायचे: कधीपासून दिसावी आणि कधीपर्यंत. ‘आत्ता’ त्या दोहोंच्या मध्ये असेल तर सूचना दाखवायची, नाहीतर लपवायची. मेख आहे ती तारीख लिहिण्याच्या पद्धतीत.

१ मे, महाराष्ट्र दिनाची सूचना घ्या. कोडमध्ये ‘२०२६-०५-०१’ एवढेच लिहिले, तर जावास्क्रिप्ट तो जागतिक वेळेनुसार मध्यरात्रीचा क्षण मानते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात, म्हणजे रात्री १२ ते पहाटे ५.३० सूचना दिसणारच नाही. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाच्या घड्याळात तो क्षण ३० एप्रिलच्या रात्री ८ चा असतो; पानाने तारीख त्याच्या वेळपट्ट्यात छापली तर त्याला महाराष्ट्र दिन ३० एप्रिलला दिसेल. आणखी एक गुंता आहे. त्याच तारखेपुढे वेळ लिहिली पण वेळपट्टा लिहिला नाही, तर जावास्क्रिप्ट ती वाचकाची स्थानिक वेळ धरते. एकाच भाषेत दोन नियम. म्हणून तारीख, वेळ आणि शेवटी ‘+०५:३०’ असे पूर्ण लिहायचे. मग जगात कुठेही क्षण एकच ठरतो.

‘किती दिवस राहिले’ हा हिशेबही पुष्कळ ठिकाणी चुकतो. व्याख्यान शनिवारी, ९ मे २०२६ रोजी संध्याकाळी ६ वाजता आहे. आदल्या रात्री ११ वाजता पान उघडले, तर अंतर १९ तासांचे. त्याला २४ ने भागून अपूर्णांक सोडला तर उत्तर शून्य, आणि पान म्हणते ‘आज व्याख्यान’. उलट अपूर्णांक वर ओढला तर शनिवारी सकाळी १० वाजता उरलेल्या ८ तासांचा एक दिवस होतो, आणि पान म्हणते ‘उद्या’. तास मोजून दिवस ठरवायला गेले की असे होणारच, कारण ‘आज’ आणि ‘उद्या’ यांच्यातली सीमा मध्यरात्र आहे.

बरोबर रीत अशी: दोन्ही क्षणांत साडेपाच तासांचे मिलिसेकंद मिळवायचे, प्रत्येकाला ८ कोटी ६४ लाखांनी भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. हाती येतो १९७० पासूनचा भारतीय दिवसांचा क्रमांक. दोन क्रमांकांची वजाबाकी शून्य आली तर आज, एक आली तर उद्या. शुक्रवारी रात्री ११ लाही ती एक येते आणि शनिवारी सकाळी १० ला शून्य.

आता एक इशारा, जो संस्थेच्या प्रत्येक स्वयंसेवकाने पाळावा. जावास्क्रिप्टने लपवलेला मजकूर गुप्त नसतो. तो वाचकाच्या यंत्रावर केव्हाच पोहोचलेला असतो. पानाचा मूळ कोड उघडला की दिसतो, घड्याळ पुढे केले की पडद्यावरही येतो. वाचनालयाच्या सूचनेला त्याने काही बिघडत नाही. पण परीक्षेचा निकाल, निबंधस्पर्धेचा विषय, निविदेचा तपशील असे काही असेल तर वेळ होईपर्यंत तो सर्व्हरवरून पाठवूच नये. अर्ज भरण्याची मुदत संपली की नाही, याचा अंतिम निर्णयही सर्व्हरनेच घ्यावा.

पान उघडेच राहिले तर

सकाळी पावणेअकराला उघडलेले पान दुपारी दोनपर्यंत तसेच उघडे राहू शकते, म्हणून ओळ आपोआप बदलायला हवी. इथे ‘सेटटाइमआउट’ आणि ‘सेटइंटरव्हल’ हे दोन टायमर कामाला येतात. पहिला ठरावीक वेळाने एकदा काम करतो, दुसरा पुन्हा पुन्हा.

यांचा वापर करताना एक तत्त्व कायम धरावे: टायमरचे ठोके मोजून वेळ ठरवू नये. टायमरने फक्त उठवायचे. उठल्यावर किती वाजले ते घड्याळाला विचारायचे. टायमर नेमक्या क्षणी वाजेल याची हमी नसते. दुसऱ्या टॅबमागे दडलेल्या पानाचे टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतो. बॅटरी वाचावी म्हणून क्रोमने २०२१ सालापासून पाच मिनिटांहून अधिक काळ दडलेल्या पानांचे असे टायमर मिनिटातून एकदाच तपासायला सुरुवात केली. लॅपटॉप झाकून ठेवला तर टायमर थांबतोच. जो कोड दर ठोक्याला ‘एक सेकंद कमी’ करत जातो, तो अशा वेळी मिनिटेच्या मिनिटे मागे पडतो. जो घड्याळ पाहून नव्याने वजाबाकी करतो, तो उशिरा उठला तरी बरोबर आकडा दाखवतो.

आपल्या पानाला दर सेकंदाला जागे होण्याचीही गरज नाही. पुढचा बदल कधी आहे ते काढायचे आणि तेवढ्याच वेळाचा एक टायमर लावायचा. १०.४७ ला १३ मिनिटांचा, ११ वाजता साडेपाच तासांचा. जोडीला ‘व्हिजिबिलिटीचेंज’ ही घटना ऐकायची. वाचक दुसऱ्या टॅबवरून परत आला की ती घडते. तेव्हा सगळा हिशेब पुन्हा करायचा आणि टायमर नव्याने लावायचा.

लांबच्या तारखांसाठी एक मर्यादा आहे. टायमरला जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मिलिसेकंदांचा अवधी देता येतो, म्हणजे सुमारे २४ दिवस २० तास. त्याहून मोठा आकडा दिला तर टायमर थांबत नाही, लगेचच वाजतो. महिनाभर पुढच्या गणेशोत्सवाची सूचना त्यामुळे आत्ताच झळकू शकते. उपाय सोपा: अवधी कितीही असला तरी टायमर फार तर एका दिवसाचा लावायचा आणि उठल्यावर पुन्हा पाहायचे.

पानावरची ओळ आपोआप बदलते तेव्हा दृष्टिहीन वाचकाच्या वाचक-सॉफ्टवेअरलाही ते कळायला हवे. त्या ओळीवर ‘आरिया-लाइव्ह: पोलाइट’ अशी खूण केली की बदललेला मजकूर त्याला ऐकू येतो. दर सेकंदाला बदलणाऱ्या आकड्यावर मात्र ही खूण करू नये. अखंड बडबडीने त्याला बाकीचे पान ऐकताच येणार नाही.

प्रिंट काढण्याची तयारी

छपाईचे बटण करणे अगदी सोपे आहे: दाबल्यावर ‘विंडो.प्रिंट’ ही आज्ञा चालवायची, ब्राउझरची छपाईची खिडकी उघडते. पान उघडताक्षणी आपणहून ही आज्ञा चालवू नये. प्रिंट कधी काढायची ते वाचकाने ठरवायचे असते. आणि प्रत्येक जण बटण दाबेलच असेही नाही. कोणी कंट्रोल आणि पी या कळा दाबतो, कोणी ब्राउझरच्या मेनूतून प्रिंट काढतो. म्हणून छपाईची तयारी बटणाच्या कोडमध्ये ठेवू नये. ब्राउझर छपाईआधी ‘बिफोरप्रिंट’ आणि नंतर ‘आफ्टरप्रिंट’ अशा दोन घटना कळवतो, तयारी तिथे करावी.

पण त्याही आधी, दिसण्याचा जेवढा भाग आहे तो स्टाइलशीटवर सोपवावा. सीएसएसमध्ये ‘मीडिया प्रिंट’ असा वेगळा विभाग लिहिता येतो. त्यातले नियम फक्त छापताना लागू होतात. आपल्या पानासाठी तिथे काय लिहायचे ते पाहू.

मेनू, शोधपट्टी, छपाईचे बटण आणि ‘आत्ता उघडे आहे’ ही ओळ लपवायची. कागद ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि चारही बाजूंना साधारण १५ मिलिमीटर समास. अक्षर १२ पॉइंटच्या आसपास. ओळींमधले अंतर दीडपट ठेवावे, कारण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. ओळी दाटल्या की ते एकमेकांना भिडतात. तक्त्याच्या ओळींना ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ लावले की एक ओळ दोन पानांत तुटत नाही. तक्त्याचे शीर्षक ‘टी-हेड’ या खुणेत नीट लिहिले असेल, तर पुढच्या पानावर ब्राउझर ते पुन्हा छापतो.

ब्राउझर शाई वाचवण्यासाठी पार्श्वभूमीचे रंग सहसा छापत नाहीत. सुट्टीचा दिवस नुसत्या लाल पट्टीने दाखवला असेल तर कागदावर तो इतर दिवसांसारखाच दिसेल आणि लोक सोमवारी येतील. ‘प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्ट’ वापरून रंग छापा असे सुचवता येते, पण काळ्या-पांढऱ्या प्रिंटरपुढे त्याचा उपयोग नाही. चौकटीत ‘बंद’ असा शब्दच लिहावा. दुव्यांचेही तसेच. कागदावरच्या ‘इथे नोंदणी करा’ला बोट लावून काही उघडत नाही. महत्त्वाच्या दुव्यापुढे त्याचा पूर्ण पत्ता छापण्याची सोय स्टाइलशीटमध्येच करता येते.

कागदावर वेळ थांबते

आता या लेखातले दोन्ही धागे एकत्र येतात. पडद्यावर जे खरे होते ते कागदावर पुढच्या तासाला खोटे ठरू शकते. म्हणून ‘बिफोरप्रिंट’ घडताच जावास्क्रिप्टने वेळेवर अवलंबून असलेला प्रत्येक शब्द पक्क्या तारखेत बदलायचा. ‘उद्या व्याख्यान’च्या जागी ‘शनिवार, ९ मे २०२६, संध्याकाळी ६’. ‘३ दिवस राहिले’ छापायचेच नाही. ‘या आठवड्याचे वेळापत्रक’च्या जागी ‘४ मे ते १० मे २०२६’. आणि तळाशी एक ओळ: हे वेळापत्रक कोणत्या तारखेला, किती वाजता छापले आणि ताजी माहिती कोणत्या पत्त्यावर मिळेल. ब्राउझर स्वतःहूनही समासात तारीख छापतो, पण ती सोय वाचक बंद करू शकतो. आपली ओळ मजकुराचा भाग म्हणूनच असावी.

याच वेळी आणखी तीन कामे उरकावीत. मिटलेले ‘डीटेल्स’ विभाग उघडावेत, नाहीतर वर्गणीचे नियम कागदावर येणारच नाहीत. कोणते मिटलेले होते ते लक्षात ठेवून ‘आफ्टरप्रिंट’मध्ये पुन्हा मिटवावेत. पानाचे शीर्षक आठवड्याच्या तारखांसह बदलावे, कारण पीडीएफ जतन करताना ब्राउझर सहसा तेच फाइलचे नाव म्हणून सुचवतो. आणि कालबाह्य सूचना गाळण्यासाठी हिशेब एकदा ताजा करावा.

‘बिफोरप्रिंट’मध्ये सर्व्हरकडून काही मागवू नये. ब्राउझर उत्तराची वाट पाहत नाही. मजकूर पोहोचण्याआधीच पानाचे चित्र छपाईसाठी घेतलेले असते. छापायला लागणारे सगळे आधीच पानात असले पाहिजे. वेबवरून येणारा देवनागरी फॉन्टही त्यात आला. तो पूर्ण उतरल्याशिवाय छपाईचे बटण चालू करू नये. ‘आफ्टरप्रिंट’वरूनही फार काही ताडू नये: खिडकी बंद झाली एवढेच ती सांगते. प्रिंट निघाली की वाचकाने रद्द केली, हे तिला कळत नाही. तेव्हा ‘तुमची प्रत छापून झाली’ असा संदेश दाखवणे चूकच.

मोबाईलचाही विचार हवा. अँड्रॉइडवरच्या काही अ‍ॅपच्या आत उघडणाऱ्या छोट्या ब्राउझरमध्ये ‘विंडो.प्रिंट’ चालत नाही. तिथे बटण मुके राहू नये म्हणून शेजारी तयार पीडीएफचा दुवा ठेवावा.

तपासून पाहणे

वेळेवर चालणारे पान तपासायला सोमवार उजाडण्याची वाट पाहावी लागू नये. हिशेब करणाऱ्या फंक्शनला ‘आत्ता’ हा आकडा बाहेरून देता येईल असे ते लिहावे. मग रविवारी रात्री ११.५९, सोमवारी १२.००, सकाळी ७.५९, बरोबर ८, बरोबर ११, सुट्टीचा दिवस, वर्षाचा शेवटचा दिवस, असे सगळे क्षण काही मिनिटांत तपासून होतात. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ठिकाण बदलून परदेशातला वेळपट्टाही लावून बघता येतो, आणि कागद वाया न घालवता छपाईची मांडणी पडद्यावरच पाहता येते. तरीही शेवटी एक खरी प्रिंट काढावीच. समास, अक्षराचा आकार आणि शाईचा गडदपणा कागदावरच कळतो.

शेवटची तपासणी जावास्क्रिप्ट बंद करून करायची. तेव्हाही आठवड्याच्या वेळा पानावर दिसल्याच पाहिजेत. त्या मूळ एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या असाव्यात आणि जावास्क्रिप्टने त्यांच्यात फक्त भर घालावी. मंद नेटवर्कवर, जुन्या फोनवर, कोड मध्येच अडखळला तरीही वाचकाला मूळ माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे.

गावोगावच्या वाचनालयांची, शाळांची, मंडळांची पाने बहुधा एखादा शिक्षक, विद्यार्थी किंवा स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळतो. हे काम ज्यांच्याकडे असेल त्यांनी आज एवढेच करावे: आपल्या पानाची एक प्रिंट काढावी आणि वेबसाइट कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्यावी. संस्था कधी उघडी असते, पुढचा कार्यक्रम कोणत्या तारखेला आहे आणि हा कागद केव्हाचा आहे, हे त्याला न विचारता कळले तर पान नीट झाले. नाही कळले, तर सुरुवात कुठून करायची ते तो कागदच दाखवून देईल.